बाजूला उभं राहण्याचं काम

आमच्या घरमालकांना आरसा चालत नसे. समोर आरसा असला की माणूस स्वतःला बघायला मान उचलतो, मान उचलली की पाठ बदलते, आणि मग आरशात दिसते ती व्यायामाची पाठ नसतेच, असं ते म्हणत. मोबाइलवर शूटिंग करून नंतर बघावं, तर तेही त्यांना पटत नसे. चूक होऊन गेल्यावर कळून काय उपयोग? चूक होत असताना सांगणारा माणूस पाहिजे. जिवंत माणूस, तीन हात लांब, डाव्या बाजूला उभा.

तो माणूस मी होतो. जवळजवळ तीन वर्षं. शेठ जाऊन आता दोन वर्षं होतील. ते गेले ते हृदयाच्या दुखण्याने, पुण्याला मुलाच्या घरी. पाठीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे मी स्वतःला बरेचदा सांगतो.

मंचरला त्यांचं धान्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे गोदाम, आणि गोदामावर दोन खोल्या. त्यात आम्ही भाड्याने राहत होतो. माझं मूळ घर जवळच्या पेठ गावी, पण मुलींच्या शाळेसाठी इकडे आलो. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवतो. शेठ मारवाडी जैन. आजोबांनी राजस्थानातून येऊन दुकान थाटलेलं, आणि हे मराठीतच भांडत, मराठीतच हसत. अंगाने बारीक, उंचीने बेताचे. व्यायामालाही पायजमा आणि बंडीच. चष्मा पडू नये म्हणून त्याच्या काड्या पोतं शिवायच्या सुतळीने डोक्यामागे बांधलेल्या. सकाळी सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून केलेलं चिंतन, ते आटोपलं की ते गोदामाचं दार उघडत आणि खालून हाक मारत, "सर, या."

मी जाईपर्यंत ते जमीन झाडत असत. मऊ कुंचा होता त्यांचा, त्याने सावकाश. धान्याचं गोदाम, मुंग्या आणि किडे असणारच. वजन खाली ठेवायचं तर त्याखाली जीव सापडू नये. लोखंडी वजन झुलवायचा तो व्यायाम, प्रत्येक दहा झोक्यांनंतर वजन टेकवण्याआधी ते मला खाली बघायला लावत, आणि मग ते वजन असं ठेवत की आवाज येत नसे. माझ्या मुलींनी कपाटात ताट ठेवलं तरी यापेक्षा जास्त आवाज होतो.

ती वजनं त्यांच्या दुकानातलीच. इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि लोखंडी मापं गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन पडली. एकदा वीस किलोचं माप हलवायला शेठ वाकले आणि पाठ धरली. चार दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे काही उचलायचं नाही. शेठचं म्हणणं वेगळं होतं. उचलू नका हे सांगणारे पुष्कळ भेटले. उचलायचं कसं हे अठ्ठावन्न वर्षांत एकानेही सांगितलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर त्यांना एक परदेशी माणूस दिसला. कडी असलेला लोखंडी गोळा दोन पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवत होता. त्याची भाषा इंग्रजी नव्हती, कुठली होती देव जाणे. शेठनी आवाज बंद केला आणि तो माणूस महिनाभर नुसता बघितला. जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या पाठीवर काड्यांची माणसं काढली. मग जाहीर केलं, हे तर आपलं माप आहे, फक्त कडी वर पाहिजे.

कडी बसवायला ते माप पिशवीत घालून एसटीने आळेफाट्याला गेले. तिथल्या एका गॅरेजमधल्या वेल्डरने विचारलं, "शेठ, कुनाला मारायचंय?" कडी जोडून आल्यावर त्यांनी ते काट्यावर ठेवलं. एकवीस किलो तीनशे ग्रॅम. मापावरचा विसाचा आकडा त्यांनी कानशीने घासून काढला. ज्यावर वीस लिहिलंय आणि जे वीस नाही, अशी वस्तू दुकानाच्या छपराखाली ठेवायची नाही. तेव्हापासून त्या वजनाचं नाव एकवीस तीनशे.

मापाला गोळ्यासारखा गोलपणा नव्हता, कोपरे होते. खांद्यापर्यंत घ्यायचं म्हटलं की ते उलटून मनगटावर आपटायचं. दोन्ही मनगटांवर निळे-काळे वळ उठले. शेठची बायको, आमच्या काकू, जुन्या साडीच्या चिंध्या बांधून देत आणि म्हणत, "या वयात बांगड्या भरल्यात यांनी." सात-आठ महिन्यांनी शेठना गोम सापडली. वजनाने हाताला वळसा घालायचा नाही, हाताने वजनाला घालायचा. त्या सकाळी ते मला हाक मारायला खाली थांबलेच नाहीत, जिना चढून वर आले आणि मनगट पुढे केलं. नवीन वळ नव्हता. माझ्या बायकोला वाटलं, हात मोडला.

शिकवणारा कुणी नसल्यामुळे त्यांची सगळी परिभाषा दुकानातून आलेली. पाठ म्हणजे तराजूची दांडी. ती वाकली की सगळाच व्यवहार खोटा. हात म्हणजे साखळ्या. साखळी वजन उचलत नाही, नुसती लोंबते, आणि माणसाला हीच गोष्ट कळत नाही म्हणून तो हाताने ओढतो आणि खांदे दुखवून घेतो. वजन वर जातं ते कमरेच्या धक्क्याने.

हा धक्का ते कुणालाही समजावत. एकदा सोयाबीन घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी दुकानातच उभं केलं. दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या आहेत, गोठ्याचं फाटक मागे उघडं राहिलंय, कसं लावशील? त्याने गुडघे जरासे सैल सोडले आणि ढुंगण मागे ढकललं. शेठ म्हणाले, हाच तो.

"ह्याच्यासाठी तुमी दोन वर्सं घातली?" तो म्हणाला. "आमची म्हातारी रोज करती की, राव."

"तिची कंबर दुखते?"

"न्हाई दुखत."

पुढच्याच रविवारी शेठ मला घेऊन त्या माणसाच्या वस्तीवर गेले. म्हातारीने धार काढली, बादल्या उचलल्या, फाटक लावलं, आणि शेठ दोन्ही हात मागे बांधून, एखादं शिल्प बघावं तसे बघत राहिले. शेवटी तीच वैतागली. "पावणं, म्हशी बगा की. मला काय बगताय?" परतताना मंचर आल्यावर शेठ म्हणाले की तिचे गुडघे पुढे येत नाहीत, आपले येतात. दुसऱ्या दिवसापासून ते गोदामाच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर पाठमोरे उभे राहून, गुडघे न हलवता भिंतीला ढुंगण टेकवू लागले. महिनाभर तेवढंच. एकवीस तीनशे कोपऱ्यात बसून होतं.

चूक कळली की हीच त्यांची पद्धत. वजन बाजूला, पहिल्यापासून सुरुवात, रिकाम्या हाताने.

आता माझ्या कामाबद्दल. ते सोपं होतं. त्यांनी झोका घेतला की मी पाठीकडे बघायचं. दांडी सरळ असेल तर "बरोबर". वाकली तर "चूक". तिसरा शब्द नाही. मी विज्ञानाचा, मला कोन कळतो, म्हणून मला निवडलेलं. ज्या झोक्याला मी "बरोबर" म्हटलं नाही तो झोका ते मोजतच नसत. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची, मग खरंच गोडी लागली. मला त्यांची पाठ पाठ झाली होती म्हटलं तरी चालेल. एकदा माझ्या लक्षात आलं की वजन मागे जाताना त्यांची डावी टाच केसभर उचलली जाते. मी तसं सांगितलं. शेठना एवढा आनंद झाला की त्यांनी दुकानात येईल त्याला ते ऐकवलं. सरांनी टाच पकडली. मग टाचेखाली बिलाचा कागद ठेवायचा आणि मी तो ओढून बघायचा. निघाला तर चूक. तीन आठवड्यांनी कागद फाटला, पण निघाला नाही.

त्यांचा हमाल तीस वर्षं पोती उचलत आलेला. शेठ त्यालाही सोडत नसत. तो म्हणायचा, "आमी जन्मभर उचलतोय, शेठ." आणि शेठ म्हणायचे, "म्हणून तर वाकडा झालास." पण हमालाचं वाकडेपण त्यांना खरंच लागत असे. आपल्याच दुकानात, आपल्याच पोत्यांनी तो माणूस असा झाला आणि आपण बघत बसलो, असं एकदा ते मला म्हणाले होते.

पुढे शाळेत हजेरी मोबाइलवर भरायची झाली. मुख्याध्यापकांचे निरोप सकाळी सहापासून सुरू. कोणाची माहिती राहिली, कोणाचा फोटो राहिला. मी गोदामाच्या दारात उभा राहून तेवढं उरकायला लागलो. आधी दोन झोक्यांच्या मधल्या वेळेत. मग झोक्यातही. झोका वर पोचला की शेठच्या नाकातून एक ठरावीक हुंकार यायचा, श्वास सोडल्याचा. तो आला की मी "बरोबर" म्हणायचो. मान वर न करता. आवाजावरून कळतंच की, असं मी मनाशी म्हणत असे. किती दिवस हे चाललं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. पावसाळा संपला तेव्हा नक्की चालू होतं, आणि जानेवारीतही. मध्येमध्ये मान वर करून एखादं "चूक" टाकायचो, म्हणजे शंका येऊ नये. हे लिहिताना मला लाज वाटते, पण यातलंच लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या सकाळी थंडी होती. शेठ चौथ्या फेरीत होते. मी मोबाइलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होतो. कुणाला आणि काय, ते आज आठवत नाही, इतकं ते क्षुल्लक होतं. हुंकार आला, मी "बरोबर" म्हणालो. पुढचा हुंकार आला नाही. लोखंड फरशीवर आदळल्याचा आवाज झाला. तीन वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

शेठ गुडघ्यांवर होते, एक हात जमिनीवर, चेहरा राखेसारखा. ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "सर, खाली काही होतं का बघा." मी ते वजन दोन्ही हातांनी बाजूला केलं, कमरेत पुरता वाकून, त्यांनी शिकवलेलं सगळं विसरून. खाली काही नव्हतं. फरशीला तडा गेला होता.

मणक्यातली गादी सरकली होती. पुण्याला ऑपरेशन झालं. वेदना गेल्या, पण डाव्या पायाच्या पंजातली ताकद परत आली नाही. पाऊल फरपटत राहिलं. डॉक्टर म्हणाले की या वयात काही न करताही हे होऊ शकतं. मी त्या वाक्याला पुष्कळ दिवस धरून बसलो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. काकू उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की सर होते म्हणून बरं, एकटे असते तर काय झालं असतं. शेठनी त्यांना चहा आणायला पाठवलं. मला वाटलं, आता विचारणार, मोबाइलचं. त्यांना माहीत असेलच. पण त्यांनी फक्त एवढं विचारलं,

"कितवा?"

डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं की नेमकं काय करताना झालं, आणि यांनी सांगितलं होतं की मला माझी पाठ दिसत नाही, आमच्या सरांना माहीत आहे. त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता. त्यांना चूक कुठे झाली तेवढंच हवं होतं. चूक कळली की पहिल्यापासून सुरुवात करता येते, हा त्यांचा एवढ्या वर्षांचा अनुभव.

मी बघत नव्हतो, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सातवा. सातव्याला पाठ गोल झाली. मी चूक म्हणणारच होतो, तेवढ्यात तुम्ही आठवा घेतलात."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "घाई. मलापण तसंच वाटलं होतं."

त्यांना तसं वाटलं नव्हतं. वाटण्यासारखं काही घडलंच नव्हतं, निदान मला माहीत असलेलं तरी. पण मी सांगितलं म्हणून ते त्यांना आठवायला लागलं. मंचरला परत आल्यावर दुकानात बसून ते प्रत्येकाला सांगत. माझीच घाई झाली. सर सांगत होते, मी थांबलो नाही. हमाल मला म्हणाला, "तुमी व्हते म्हनून कळलं तरी, सर." एका शिक्षकाने तर शाळेत माझं कौतुक केलं, की रोज सकाळी म्हाताऱ्या घरमालकासाठी इतका वेळ कोण देतं.

उन्हाळ्यात शेठनी पुन्हा सुरुवात केली. वजन उचलायला डॉक्टरांची कायमची बंदी होती, तेव्हा रिकाम्या हाताने. पण आता झोका शिकायचा नव्हता, तो येत होता. शिकायचं होतं थांबायला. एक झोका घ्यायचा, मग सरळ उभं राहून माझ्याकडे बघायचं, मी "बरोबर" म्हणेपर्यंत श्वास रोखून. मग दुसरा. दहा झोक्यांना पाव तास लागायचा. काठी भिंतीला टेकवलेली असायची. एकेकदा मला बोलायला क्षणभर उशीर झाला की त्यांचे पाय थरथरायचे, पण ते पुढचा घेत नसत. जी खोड त्यांना कधीच नव्हती ती घालवण्यासाठी तो माणूस रोज घाम गाळत होता, आणि थोडी थोडी सुधारणा होतेय असं म्हणत होता.

मी मोबाइल वरच्या खोलीत ठेवून जायचो. आता मी बघत होतो. दोन्ही डोळ्यांनी. त्यांची पाठ इतकी सरळ होती की मला खाली बघावंसं वाटायचं. खाली डावी टाच. प्रत्येक झोक्याला ती उचलली जात होती. आता अर्थात पायात ताकदच नव्हती, त्यामुळे असेल. की ती आधीपासूनच पुन्हा उचलली जायला लागली होती, त्या पावसाळ्यापासून, आणि कुणी सांगितलं नाही? याचं उत्तर असलेला एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी मोबाइलमध्ये होता.

टाचेबद्दल मी बोललो नाही. पाठीबद्दल विचारलं होतं, पाठ बरोबर होती.

त्या भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी जैन माणूस ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन हात जोडतो आणि "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो. जाणता-अजाणता मी तुमचं मन दुखवलं असेल तर ते निष्फळ होवो, अशी ती क्षमायाचना. समोरच्यानेही तेच म्हणायचं असतं. दरवर्षी शेठ जिना चढून आमच्या दारात येत, आम्ही ते शब्द परत करत, आणि काकूंच्या तब्येतीची चौकशी करून दार लावत. त्या वर्षी त्यांना जिना चढता येत नव्हता. त्यांनी खालून हाक मारली. मी चप्पल न घालताच खाली गेलो.

दिवसभराचा उपास होता, ओठ सुकले होते. काठी काखेत धरून त्यांनी हात जोडले. या वेळी नुसते शब्द म्हणून ते थांबले नाहीत. म्हणाले की माझ्या हट्टापायी तुम्हाला तीन वर्षं रोज उभं केलं. तुमची झोप, तुमची शाळा. आणि शेवटी मी तुमचं न ऐकता घाई केली, तुमच्या डोळ्यांसमोर पडलो, त्याचा तुम्हाला किती त्रास झाला ते मला दिसतं. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्.

मीही हात जोडले. इतकी वर्षं मी ते शब्द नुसते परत केले होते. त्या दिवशी म्हणताना माझा आवाज फुटला. "मिच्छामि दुक्कडम्, शेठ." आणि मग, मला वाटतं पुढचंही माझ्या तोंडाशी आलं होतं, मी "त्या दिवशी मी..." इथपर्यंत पोचलो होतो.

शेठनी माझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या पायाचं वाईट वाटतंय.

"तुमची कसली क्षमा, सर?" ते म्हणाले. "तुम्ही तर नुसते बघत होतात."

क्षमा मागून अजून मिनिटही झालं नव्हतं. मी म्हणालो, "हो, शेठ. बघत होतो."